मेलेली कोंबडी मागणारी मॅडम

ये ग बाई, अशी जवळ सरक. तू तिकडं पुण्यात अन् मी इथं गावात, तरी सरक. कागदावरून हाक मारली म्हणून लांबून ऐकायचं असं थोडंच आहे? आणि आधी दोन शब्द ऐकून घे, मग पुढचं सांगते. तू तुझ्या मायला फोनवर म्हणालीस म्हणे, की आजीच्या कोंबड्यांना आता लस देतात, म्हणजे ती अंडी काही खरी गावरान राहिली नाहीत. आलं माझ्या कानावर. आधी हसू आलं, मग थोडा रागही आला. अगं, गोवराची, पोलिओची, कसल्या कसल्या लसी घेऊन तू एवढी ताडासारखी वाढलीस. तुला कोणी म्हणलं का, की या पोरीचं गावरानपण गेलं? मग त्या मुक्या जिवालाच काहून बोल लावतेस?

तुझी चूक नाही. तू आमच्या मॅडमला पाहिलं नाहीस. तू हॉस्टेलवर होतीस तेव्हा ती आपल्या पुढच्या खोलीत राहायची. तोंडावर मी तिला अहो-जाहोच करायचे, शिकलेली बाई, डोक्याचे केस निम्मे पांढरे झालेले. पण माघारी माझ्या तोंडात एकेरीच यायचं, कारण लेकीवर ओरडावं तसं मी तिच्यावर ओरडत होते आणि ती ऐकून घेत होती. आत्ताही एकेरीच लिहिते. तिला कळलं तरी चालेल.

ती आली तो दिवस मला चांगला आठवतो. बाळापूरच्या गाडीतून उतरली. हातात लोखंडी पेटी, खांद्याला भलामोठा थर्मास आणि काखेत बाप्यामाणसाची काळी छत्री. उन्हाळा नाही, पावसाळा नाही, छत्री कशाला म्हणावं? खोली पाहायला आलेला माणूस आधी पाणी विचारतो, मग लाईट विचारतो, मग संडास कुठं ते विचारतो. ही अंगणात उभी राहिली, माझ्या कोंबड्यांकडं टक लावून पाहिलं, आणि म्हणाली, "मावशी, तुमच्याकडे शेवटची कोंबडी कधी मेली?"

तुझे आजोबा बाजेवर पडले होते. ते उठून बसले. म्हणाले, "बाई, आमच्या इकडं आधी पाणी विचारतेत, मयत मागून."

तिला तो विनोद कळला की नाही देव जाणे. तिनं मान हलवली आणि पाण्याचंही विचारलं. मग पुन्हा कोंबडीवर आली.

कोणत्याशा मोठ्या प्रयोगशाळेत तिनं उमर घालवली होती. कोंबड्यांच्या अंगातले विषाणू काढायचे, त्यांची जात-कुळी यंत्रावर वाचायची, हे तिचं काम. पण यंत्रापुढं येईस्तोवर कोंबडी मरून, कापून, नळीत बंद होऊन येते. ती जिथं मरते ती जागा आपण कधी पाहिलीच नाही, असं तिला वाटायला लागलं. म्हणून ती काही मुदत मागून घेऊन खेड्यात येऊन राहिली. लोक खेड्यातून शहरात जातात कोंबडी खायला, ही शहरातून आली कोंबडी मेलेली पाहायला.

आल्या आल्या तिनं घरोघर सांगितलं, की कोंबडी मेली तर नाल्यात फेकू नका, मला आणून द्या. आता तुला आपल्याकडची तऱ्हा माहीत आहे. कोंबडी पेंगायला लागली की दोनच गोष्टी, एकतर लवकर सुरी फिरवायची, नाहीतर जवळा बाजारच्या बाजारात दुसऱ्याच्या गळ्यात मारायची. त्यातूनही मेली तर नाला. कोणी नवीन माणूस गावात आलं की त्याच्या दारात भाजी येते, ताक येतं. हिच्या दारात मेलेल्या कोंबड्या यायला लागल्या. एक दिवस सकाळी कडीला पिशवी लटकलेली पाहून आजोबांना वाटलं कोणीतरी मेथी ठेवून गेलं. पिशवीत हात घातला तर पंजा हातात आला. त्यानंतर बरेच दिवस त्यांनी मेथीसुद्धा खाल्ली नाही.

मागच्या लिंबाखाली एक फरशी होती, तिच्यावर तिचं काम चालायचं. हातमोजे घालायची, तोंडाला बांधायची, आणि कापायच्या आधी कोंबडीला म्हणायची, "माफ करा हं, बाईसाहेब." मला आधी वाटलं ही चेष्टा आहे. नव्हती. काम झालं की खोल खड्डा करून चुना टाकून पुरायची, आणि मग हात धुऊन माझ्यापुढं येऊन उभी राहायची. तिच्या त्या कोकणातल्या बोलीत आमचा एकच शब्द शिरला होता आणि तो तिला फार आवडायचा. "काहून मेली असेल, मावशी?" मी म्हणायचे, मेली तर मेली, तिची भरली होती. ती म्हणायची, भरली कोणी?

आणि तिच्या चपला. पोरी, तुला खोटं वाटेल, पण त्या बाईच्या रबरी चपला निम्म्या गावात होत्या. ज्या घरात जायची त्या घराच्या दाराशी तिची वेगळी जोडी. या घरची माती त्या घरी न्यायची नाही, मातीतून रोग जातो, असं तिचं म्हणणं. शेजारपाजारचे म्हणायचे, रावणाला दहा तोंडं आणि आमच्या मॅडमला वीस पाय. कुणाकडं पाहुणा आला आणि दारात बाईच्या चपला दिसल्या की तो बिचकायचा; घरचे सांगायचे, काही नाही, कोंबडीच्या डॉक्टरणीच्या आहेत. तिला स्वयंपाक बिलकूल यायचा नाही. पिठलं केलं तर त्याची वडी व्हायची, वडी केली तर पिठलं. शेवटी मीच दोन भाकरी जास्तीच्या टाकायला लागले, आणि ती चुलीपाशी पाट घेऊन बसायला लागली. मला जे काही कळलं ते तिथंच कळलं. शाळा माझी चौथीतच सुटली होती, पण चूल तर सुटली नव्हती.

एकदा मी विचारलं, बाई ग, हा तुमचा विषाणू विषाणू म्हणजे किडा असतो का? ती म्हणाली, किड्याला निदान पोट असतं. याला काहीच नाही. चूल नाही, भांडं नाही, सरपण नाही. याच्याजवळ फक्त एक कृती असते, पापड कसे करायचे याची तुमच्याजवळ असते तशी. त्या कृतीच्या एकेका ओळीला जीन म्हणतात. ही कृती घेऊन तो कोंबडीच्या अंगात शिरतो आणि तिच्याच चुलीवर, तिच्याच पिठाचे स्वतःचे पापड लाटून घेतो. इतके लाटतो, की घर फुटून बाहेर पडतात, आणि मग शेजारच्या घरात.

मी म्हणाले, असला पाहुणा आमच्या भावकीत हाय एक.

मग तिनं मानमोडीचं सांगितलं. मानमोडी म्हणजे ती नाही का, कोंबडी गिरक्या घेते, मान उलटी होते आणि मरते. म्हणाली, हाच विषाणू गरीब जातीचाही असतो. त्या गरिबाकडं फक्त नरड्याच्या आणि आतड्याच्या दाराची किल्ली असते; दोन दिवस शिंकवतो आणि निघून जातो. पण त्याच्या कृतीत एका जागी एवढासा फेर पडला, चिमूटभर, की त्याच्या हाती सगळ्या घराची किल्ली येते. मेंदूच्या खोलीचीसुद्धा. मग मान मोडते. मला ते लगेच पटलं. पापडखार चिमूटभर इकडंतिकडं झाला तर काय होतं ते मला कोणी सांगायची गरज नव्हती. आणि लस म्हणजे काय, तर तो गरीब चुलतभाऊ मुद्दाम घरात घ्यायचा. कोंबडीचं अंग त्याचं तोंड ओळखून ठेवतं, म्हणजे मागून तो गुंड आला तरी त्याला दारातच धरतं.

धरतं कोण, असं मी विचारलं. त्यावर ती उठली आणि लिंबाखालून एक उघडलेली तलंग घेऊन आली. तलंग म्हणजे अजून अंड्यावर न आलेली कोंबडी. आणि तेही जेवणाच्या वेळी. मी तिला भाकरीसकट बाहेर हाकललं, पण मागोमाग जाऊन पाहिलंच. शेपटाच्या आत, अगदी मागं, बोराएवढी एक पिशवी होती. म्हणाली, मावशी, ही कोंबडीची तालीम. इथं तिचे पहिलवान तयार होतात. लस म्हणजे वस्ताद. तो येऊन डाव शिकवतो. पण तालमीत पोरंच नसतील, तर वस्ताद शिकवील कुणाला? हे वाक्य ध्यानात ठेव. पुढं सगळं याच्यावरच अडलं.

आता कौसाचं सांगते. आपल्या भिंतीला भिंत लागून कौसाबाईचं घर, तुला तिच्या हातची बोरं आठवत असतील. तिचं कुंकू लवकर गेलं. मूलबाळ नाही. गावात लग्न निघालं, हळद फोडायची असली, ओटी भरायची असली, की कौसाला कोणी बोलवायचं नाही. ती पण जायची नाही; दार लावून घ्यायची. पण कोंबडी खुडूक बसवायची वेळ आली, म्हणजे अंड्यावर बसवायची, की सगळं गाव त्याच दाराशी. कारण कौसाचं डालगं. डालगं म्हणजे कोंबडी बसवायची बांबूची टोपली; हे तिच्या मायनं दिलेलं, धुरानं काळं झालेलं. त्याच्यात बसवलेलं अंडं वाया जात नाही, असं लोक मानायचे आणि ते खरंही होतं. कौसा डालगं द्यायची ते आतल्या भुशासकट, सोयाबीनच्या कुटारासकट. कुटार बदललं तर खुडूक उठते, हे आमच्याकडं सगळ्या बायांना पाठ. पिल्लं निघाली की डालगं परत द्यायचं, आणि परत देताना त्यात एक पिल्लू ठेवून द्यायचं, ही चाल. रिकामं डालगं परत द्यायचं नाही. कौसाच्या अंगणात सगळ्या गावची पिल्लं होती. तिला ज्यांनी कधी दारात उभं केलं नाही, त्यांच्या घरचीसुद्धा.

त्या हिवाळ्यात मानमोडी आली. बाजूच्या गावांत खुराडी रिकामी झाली. आपल्या गावात मॅडमनं आधीच लस दिलेली होती, एकाच बाटलीतली, एकाच दिवशी. घरोघर कोंबड्या टिकल्या. फक्त तीन घरं सोडून. एक कौसाचं, एक शाळेमागचं आणि एक खालच्या आळीतलं. त्या तिन्ही घरांत नव्या तलंगा पटापट गेल्या.

पण गाव टिकलेल्या कोंबड्यांबद्दल बोलतं का? गाव म्हणालं, लस दिली म्हणूनच मेल्या. कौसा पदरात तलंगा घेऊन आमच्या ओट्यासमोर उभी राहिली. रडत नव्हती. म्हणाली, "मॅडम, तुमच्या औषिदानं खाल्ल्या माझ्या."

मॅडम ओट्यावरून उतरली. पदरातल्या तलंगा एकेक करून उचलून घेतल्या. लिंबाखाली गेली. बऱ्याच वेळानं मला हाक मारली. ती बोराएवढी पिशवी या तलंगांत वाटाण्याएवढीही नव्हती. सुकून गेलेली. मी म्हणाले, तालीम जळाली की हो. ती म्हणाली, हो मावशी, आणि बरेच दिवस आधी जळाली.

तेव्हा कळलं की मानमोडी मागून आली. आधी दुसराच एक येऊन गेला होता. गंबोरो म्हणतात त्याला. तो विषाणू पिल्लाच्या त्या पिशवीतच शिरतो. देशी पिल्लं एखाद-दोन दिवस पिसं फुगवून बसतात, पांढरं हागतात, आणि बरी झाल्यासारखी दिसतात. आपण म्हणतो, थंडी लागली असेल. पण आत तालीम गेलेली असते. मग लस दिली काय, न दिली काय.

तिनं त्या पिशव्यांचे तुकडे नळ्यांत घालून बर्फात ठेवून शहरात पाठवले. बर्फ बाळापूरहून आणायला लागायचा. काही दिवसांनी फोनवर उत्तर आलं आणि ती ते वाचत अंगणात फेऱ्या मारायला लागली. हा विषाणू पोल्ट्रीच्या मोठ्या शेडांमधल्या घराण्यातला होता, गावरान कोंबड्यांत उपजलेला नव्हे. आणि तिन्ही घरांतल्या विषाणूची कृती एकसारखी, एक अक्षर इकडंतिकडं नाही. कृती उतरवून घेताना चुका होतातच, म्हणाली, इतकी सारखी आहे म्हणजे हे सख्खे भाऊ, नुकते एका घरातून निघालेले. वाऱ्यानं आला असता तर मधली घरं सुटली नसती. कोणीतरी हातानं नेलाय. या तीन घरांत काय फिरतं?

तीन घरांत काय फिरतं, याला गावात लगेच उत्तर होतं. मॅडम फिरते.

मी चपलांचं सांगून भांडले. तर शाळेमागची, जिच्या तलंगा गेल्या होत्या ती, म्हणाली, "चपला लई असतील, पण छत्री तर एकच हाय ना? समद्या घरात तीच टेकवते."

मी रागानं लाल झाले. मॅडम मात्र छत्रीकडं पाहून राहिली, जशी ती कधी पाहिलीच नव्हती. मग म्हणाली, "बरोबर आहे. पहिला संशय माझ्यावरच घ्यायला पाहिजे." त्या दिवसापासून तिनं कुणाच्या घरात पाऊल टाकलं नाही. छत्री पुसून घेतलेला कापसाचा बोळाही नळीत घालून शहरात पाठवला. बोलायचं असलं तर रस्त्यावर उभी राहून बोलायची, हे एवढ्या मोठ्यानं. पांढऱ्या हागवणीचे प्रश्न भर रस्त्यात. म्हाताऱ्यांनी पारावर बसायचं बंद केलं.

पण गमतीवर निभावणारं नव्हतं. बायांनी ठरवून टाकलं होतं, की आता लस घ्यायची नाही. त्यांची पिल्लं खुराड्यात वाढत होती, मानमोडी आजूबाजूला होतीच. मॅडमची झोप उडाली. म्हणायची, माझ्यामुळं रोग आला असेल तर मी जाते, पण लस थांबली तर सगळंच जाईल.

छत्रीचं उत्तर आलं, तिच्यावर काही सापडलं नाही. तिनं ते कुणाला मिरवून सांगितलं नाही. एका दुपारी त्या तिन्ही घरच्या बायांना तिनं रस्त्यावर बोलावलं, आणखी दहाजणी बघायला आल्या. म्हणाली, तुमच्या तीन घरांत वर्षभरात जे जे गेलं-आलं ते सगळं सांगा. बाया हसायला लागल्या. चाळणी, पाटा, साखर, पोरीचा फ्रॉक, खलबत्ता. खालच्या आळीची म्हणाली, एक नवरा सोडून समदं फिरतंय बघा. मॅडम प्रत्येक गोष्टीवर मान हलवून पुढं जायची. मग कुणीतरी म्हणालं, खुडूक.

खुडूक कशात नेता, असं तिनं विचारलं.

कौसा पहिल्यांदा बोलली. "माझ्या डालग्यात."

भुसा बदलता का, या प्रश्नावर सगळ्याच एकदम बोलल्या. भुसा बदलला तर खुडूक उठते, एवढं पण ठाऊक नाही का? मॅडम होती तिथंच रस्त्यावर बसली, मातीत. हा विषाणू भुशात महिनोन्‌महिने जगतो, हे तिनं उमरभर वाचलं होतं. भुसा हातात घेऊन कोणी एका घरातून दुसऱ्या घरात जात असेल, हे तिच्या स्वप्नातही नव्हतं. मग कौसानंच आठवून सांगितलं, की जवळा बाजारात टेम्पोवाल्याकडून घेतलेली शेडातली एक परदेशी जातीची कोंबडी तिनं दोन दिवस त्याच डालग्याखाली झाकून ठेवली होती, आणि त्यानंतर डालगं याच दोघींच्या घरी गेलं होतं.

बाया कौसाकडं पाहात होत्या आणि कौसा जमिनीकडं. ते पाहणं मी ओळखत होते. लग्नाची वरात निघाली की तिच्या लावलेल्या दाराकडं तसंच पाहायचे.

मॅडमच्या ध्यानात आलं की नाही मला ठाऊक नाही, पण ती घाईघाईनं म्हणाली, की अजून काही सिद्ध झालेलं नाही. भुसा तपासायला पाठवू. आणि दुसरं असं, की कौसाबाई, तुम्ही अर्धी अंडी तुमच्या डालग्यात बसवा, अर्धी नव्या खोक्यात, नव्या कुटारात. दोन्हीकडची पिल्लं वाढवू, मग दिसेल. तोवर डालग्याला कोणी नाव ठेवायचं नाही.

कौसा तशीच घरी गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा ठेवला होता, मॅडम पाटावर बसलेली, तर कौसा डालगं घेऊन अंगणात आली. आत बोलवलं तर आली नाही. म्हणाली, "मॅडम, तुमची अर्धी अंडी मी बसवत न्हाई. माझा हात पिल्लं काढायचा हाय. मरतेत का बघायला मी एक पण पिल्लू बसवणार न्हाई."

"मग कसं कळेल, कौसाबाई?"

"मला कळायचं ते कळलं. उगं कुणाचं लेकरू पणाला काहून लावायचं?"

आणि तिनं डालगं अंगणात उलटं ठेवलं, माझ्याच चुलीतलं एक जळतं लाकूड मागून घेतलं आणि पेटवून दिलं. जुना बांबू, धुरानं वाळलेला, भसाभसा पेटला. मॅडम उठली, मला वाटलं ही विझवायला धावते. तिचा पुरावाच जळत होता ना. पण ती कौसाच्या शेजारी जाऊन नुसती उभी राहिली. मी काय करणार? मी पातेलं उचललं, अंगणात तीन दगड मांडले आणि अर्धवट राहिलेला चहा त्याच जाळावर ठेवला. तिघींनी तो तिथंच उभ्यानं घेतला. चहाला धुराचा वास येत होता.

भुशाचा चिमूटभर नमुना तर मॅडमनं आदल्या दिवशीच माझ्या हातून मागवून घेतलेला होता. पुढं त्याचं काय उत्तर आलं, ते तिनं कधी सांगितलं नाही. उभा जन्म काहून काहून करणारी बाई, पण मी विचारलं तेव्हा म्हणाली, आता काय करायचंय मावशी, आणि ताटातली भाकरी मोडायला लागली. मी पण दुसऱ्यांदा विचारलं नाही.

बायांनी बुरडाकडून नवी डालगी आणली. आपापली. दरवेळी नवं कुटार टाकायला लागल्या, आणि खुडूक काही उठली नाही. हे चांगलंच झालं. पण कौसाच्या दारात आता कोणी जायचं कारण उरलं नाही. संध्याकाळी ती उंबऱ्यात बसायची, समोरून बाया जायच्या, काय कौसाबाई जेवल्या का, एवढं म्हणून पुढं. तिच्या अंगणात कुणाचं पिल्लू यायचं थांबलं. मला ते पाहवत नव्हतं, पण मला काही सुचतही नव्हतं.

लसीचा दिवस जवळ आला. मानमोडीची लस डोळ्यात एक थेंब टाकून देतात. पिल्लू हातात धरायचं, थेंब टाकायचा, आणि त्यानं पापणी मिटेस्तोवर थांबायचं. घाई केली तर थेंब बाहेर. एरवी मॅडम घरोघर जाऊन द्यायची. या वेळी तिनं रस्त्यावर उभं राहून मोठ्यानं सांगितलं, की मी कुणाच्या घरात येणार नाही, ज्याला पिल्लं वाचवायची आहेत त्यानं ती कौसाबाईच्या अंगणात आणायची, आपापल्या स्वच्छ डालग्यात, एकाचं डालगं दुसऱ्याला टेकवायचं नाही. आणि थेंब कौसाबाई टाकतील. त्यांच्याइतकं पिल्लू हातात धरायला मला येत नाही.

ते खरंच होतं. मॅडमच्या हातात पिल्लू फार ओरडायचं.

त्या सकाळी कौसानं अंगण सारवलं. थर्मास तिच्या ओट्यावर ठेवला होता. ऊन वर आलं तरी कोणी येईना. बाया आपापल्या दारात उभ्या राहून एकमेकींकडं बघून राहिल्या होत्या. आधी कोण जातं? लस खरी का खोटी, हा सवाल तर होताच. पण तो एकटाच नव्हता, हे मला कळत होतं. विधवेच्या दारात पिल्लं न्यायची, आणि तीही जिचं डालगं जाळावं लागलं तिच्या. बर्फ वितळायला लागला की लस जाते, म्हणून मॅडम रस्त्यावरूनच सारखी थर्मासकडं बघत होती. मी माझी पिल्लं नेऊन ठेवली, पण माझं काय, मी तर शेजारचीच. माझ्या जाण्यानं काही होणार नव्हतं.

मग शाळेमागची आली. तीच, जिनं छत्रीवरून मॅडमला धरलं होतं, जिच्या तलंगा कौसाच्या डालग्यापायी गेल्या होत्या. काखेत नवं डालगं. ती फाटकात थांबली, मग आत आली, कौसासमोर उकिडवी बसली आणि एक पिल्लू काढून तिच्या हातात दिलं. म्हणाली, "टाका, कौसाबाई. डालगं खराब निघालं. तुमचा हात कवाच खराब नव्हता."

कौसानं पिल्लू डाव्या हातात धरलं, अंगठ्यानं त्याचं डोकं हळूच तिरपं केलं आणि थेंब सोडला. पिल्लानं पापणी मिटली, उघडली, पुन्हा मिटली. कौसानं हात हलवला नाही. मागं फाटक वाजलं, आणखी एक आली. मग फाटक वाजायचं थांबलंच नाही.

मॅडमची मुदत संपली, ती तिच्या गावाकडं गेली. आता गुडघे धरलेत म्हणते. कौसा अजून थेंब टाकते, आता तर बाजूच्या गावाहून बाया येतात, आणि तुझ्याबद्दल विचारते, ती उंच पोरगी काय करून राहिली म्हणून. तर ये ग. सणाची वाट बघू नको, सुट्टी मिळेल तशी ये. नवी पिल्लं निघायला झालीत. बाळापूरला उतरलीस की फोन कर. मला आता तिथवर यायला होत नाही, पण फाट्यापर्यंत येऊन उभी राहीन.